दोन देशांचें नागरिकत्व आणि वैद्यकशाळेंतील प्रवेश

प्रेषित पौल हा किलिकिया प्रांतांतील तार्स नगराचा नागरिक होता आणि जन्मानें रोमचाही नागरिक होता. यरुशलेमांत फटके मारण्यासाठीं त्याला बांधलें असतां त्यानें आपल्या रोमी नागरिकत्वाचा उच्चार केला. ज्या सरदारानें तेंच नागरिकत्व पुष्कळ द्रव्य देऊन मिळविलें होतें तो भ्याला, व पुढील प्रकार तेथेंच थांबला. ही कथा 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायांत आपण शास्त्राच्या तासास वाचतों. आज ज्यांना दोन देशांचें नागरिकत्व आहे असे कित्येक तरुण परदेशीं वैद्यकीच्या अभ्यासक्रमासाठीं अर्ज करितात, तेव्हां त्यांची समजूत पौलाच्या काळचीच असते. पासपोर्ट दाखविला कीं कार्य झालें, असें त्यांस वाटतें. परंतु आतां तसें होत नाहीं. मेडिकल कॉलेज नागरिकत्व विचारतें हें खरें. पण त्याहून अधिक बारकाईनें तें वास्तव्य विचारतें. हा भेद महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यास अपरिचित नसावा. डोमिसाईलचा दाखला मिळविण्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या ज्यानें झिजविल्या आहेत, त्याला तो सांगावा लागणार नाहीं.

याचें कारण उघड आहे. एक डॉक्टर तयार करण्यास जो खर्च येतो त्याचा मोठा वांटा बहुतेक देशांत सरकार उचलतें, आणि जागाही सरकारच मोजून देतें. ज्या कुटुंबानें त्या देशांत राहून कर भरला त्याच्या मुलांस ती सवलत द्यावी, केवळ ज्यांच्यापाशीं कागद आहे त्यांस नव्हे, असा हा विचार आहे. तो मला न्याय्य वाटतो. मात्र ज्या मुलास तो अर्ज करण्याच्या वर्षींच कळतो त्याचे फार हाल होतात.

इंग्लंडचें उदाहरण घेऊं. समजा, एका मुलाची आई ब्रिटिश व वडील अमेरिकन आहेत. त्याच्यापाशीं दोन्ही पासपोर्ट आहेत, पण त्याचें सारें बालपण दुबईंत गेलें आहे. दुसरी एक मुलगी गोमंतकीय कुटुंबांतील. तिचा पासपोर्ट पोर्तुगालचा. परंतु तिचे आईबाप २०२० साल संपण्यापूर्वींच तिला घेऊन स्विंडन शहरीं कायमचे राहावयास गेले व त्यांनीं तेथें रीतसर स्थायिकाचा हक्क मिळविला. स्विंडनमध्यें गोमंतकीयांची वस्ती मोठी आहे, हें आपल्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. आतां या दोघांपैकीं स्वदेशीय विद्यार्थी कोण? पासपोर्ट पाहिला तर तो मुलगा. पण फीच्या नियमानें ती मुलगी. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीं लागोपाठ तीन वर्षें त्या देशांत सामान्य वास्तव्य असावें लागतें, आणि केवळ शिक्षणासाठीं केलेलें वास्तव्य त्यांत सहसा धरीत नाहींत. म्हणून शेवटचीं दोनतीन वर्षें मुलास तिकडील वसतिगृहांत ठेवलें म्हणजे झालें, हा हिशेब बहुधा चुकतो. आईबाप तात्पुरत्या नोकरीपुरते बाहेर गेले होते असें कागदोपत्रीं सिद्ध झालें, तर मात्र गोष्ट निराळी. २०२५-२६ या वर्षीं इंग्लंडांत स्वदेशीय विद्यार्थ्यास वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड फी होती; परदेशी गणल्या गेलेल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यास कित्येक ठिकाणीं ४०,००० पौंडांहून अधिक. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांसाठीं जागाही फार थोड्या असतात. ब्रिटिश पासपोर्टाचा त्या मुलास उपयोग नाहीं असें नव्हे. त्याला व्हिसा लागत नाहीं, व पुढें तेथें राहून काम करण्याचा हक्क त्याच्यापाशीं आहेच; पण तो उपयोग पदवीनंतरचा.

तेथील अर्जाचा शेवटचा दिवस १५ ऑक्टोबर हा असतो, म्हणजे इतर बहुतेक विषयांच्या कित्येक महिने आधीं. आणि वैद्यकीसाठीं चारच विद्यालयें निवडतां येतात. अर्जांत दुसरें नागरिकत्व लिहिण्यास वेगळी जागा असते. ती रिकामी सोडूं नये. सोईचें तेवढेंच नागरिकत्व सांगावें, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकूं नये. वास्तव्याची चौकशी पुढें होतेच, आणि त्या वेळीं दोन कागदांतील विसंगति नडते. शंका असल्यास विद्यालयास आधींच पत्र लिहून आपली गणना कोणत्या वर्गांत होईल हें लेखी मागून घ्यावें.

आयर्लंडांत सरकारी फी-सवलतीसाठीं नागरिकत्व व वास्तव्य हीं दोन्ही पाहतात. तेथें मागील पांच वर्षांपैकीं तीन वर्षें ठराविक युरोपीय देशांत राहिलेलें असावें लागतें. म्हणून आजोबांच्या नात्यानें आयरिश पासपोर्ट मिळविलेला, पण बोस्टनमध्यें वाढलेला विद्यार्थी तेथें परदेशी फीच भरतो. अमेरिकेंत मात्र नागरिकत्वाला खरें वजन आहे. तेथील कित्येक वैद्यकशाळा नागरिक व कायमचे रहिवासी यांखेरीज इतरांचा अर्जच घेत नाहींत. पण तेथें आधीं दुसरी पदवी घ्यावी लागते, आणि संस्थानांच्या विद्यालयांत पुन्हा त्या त्या संस्थानाचें वास्तव्य पाहतातच.

पोर्तुगालची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. तेथें २०१४ च्या कायद्यानें परदेशी विद्यार्थ्यांसाठीं प्रवेशाची वेगळी वाट केली. पण पोर्तुगीज नागरिकास ती बंद आहे. त्याला तेथील मुलांबरोबर राष्ट्रीय स्पर्धेंतच उतरावें लागतें, आणि वैद्यकीचें शिक्षण बहुतेक ठिकाणीं पोर्तुगीज भाषेंत होतें. पासपोर्टानें येथें एक दार उघडलें आणि दुसरें लाविलें! पूर्वींही असेंच घडलें आहे. पणजीस १८४२ सालीं स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचे पदवीधर पोर्तुगालचे प्रजाजन असले, तरी त्यांस पोर्तुगालांत धंदा करण्यापूर्वीं तेथें जाऊन पुन्हा शिकावें लागे.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणें ज्यानें स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व संपादन केलें त्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. १९६१ पूर्वीं गोव्यांत जन्मलेल्यांच्या ज्या वंशजांनीं पोर्तुगीज नागरिकत्व घेतलें, किंवा जे घेऊं पाहतात, त्यांस हें लागू आहे. ओसीआय कार्ड मिळालें तरी तें दुसरें नागरिकत्व नव्हे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणें कार्डधारकास नीट परीक्षा देतां येते, पण केवळ भारतीय नागरिकांसाठीं राखलेल्या जागा मागतां येत नाहींत. अनिवासी भारतीयांच्या जागांवर हक्क सांगतां येतो, आणि त्यांची फी सर्वांस ठाऊक आहे. ज्यांचें कार्ड त्या तारखेच्या आधींचें आहे त्यांस ही अधिसूचना लागू नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ३ फेब्रुवारी २०२३ रोजीं दिला. म्हणजे जो मुलगा सतराव्या वर्षीं युरोपच्या आशेनें नवा पासपोर्ट घेतो, तो घरच्या सरकारी कॉलेजांतील जागा गमावतो. आणि युरोपांत वास्तव्य नसल्यामुळें तेथील सवलतही त्यास बहुधा मिळत नाहीं. दोन्हीकडे तो परकाच ठरतो. हा निर्णय कुटुंबानें बारावीच्या निकालानंतर नव्हे, दहावीच्या आधींच विचारपूर्वक करावा.

ज्यांस परदेशीं शिकून स्वदेशीं परत यावयाचें आहे, एखाद्या मिशन रुग्णालयांत सेवा करण्याचा ज्यांचा मानस आहे, त्यांनीं १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम मुळांतून वाचावेत. त्यांप्रमाणें अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे. त्याच संस्थेंत बारा महिन्यांची उमेदवारी झालेली असली पाहिजे. त्या देशांत धंदा करण्याचा परवाना मिळण्यास तो विद्यार्थी पात्र असला पाहिजे. आणि परत आल्यावर परीक्षा देऊन येथें पुन्हा बारा महिने उमेदवारी करावी लागते. पोर्तुगीज भाषेंत शिकलेल्या डॉक्टरास यांतील माध्यमाचीच अट अडवील. याखेरीज नीट परीक्षेंत पात्र ठरणें हें भारतीय नागरिकास व ओसीआय कार्डधारकास सारखेंच आवश्यक आहे, आणि तें बोटींत वा विमानांत पाऊल ठेवण्यापूर्वीं उरकावयाचें असतें.