टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप: छोटा पार्ट, मोठा भुर्दंड

मागच्या व्हिडिओत आपण 'रिपीट काम' या विषयावर बोललो. एकदा केलेलं काम परत आलं की पैसे जातातच, आणि गिऱ्हाईकाचा विश्वासही जातो. आज त्याचंच एक उदाहरण बघू. तुमचं गॅरेज असो की स्पेअर पार्टचं दुकान, टर्बो गाड्या तुमच्याकडे येतातच. त्यातला एक पार्ट असा आहे की तो निवडताना आपण सगळ्यात कमी विचार करतो. तो म्हणजे टर्बोतून खाली येणारा ऑइल रिटर्न पाइप.

आधी माझीच चूक सांगतो. मी गॅरेज चालवत होतो तेव्हा पुणे-सातारा लाइनवरची एक डिझेल टॅक्सी माझ्याकडे आली. टर्बो खराब झाला होता, तो बदलला. जुना रिटर्न पाइप कडक होऊन चिरला होता. ओरिजिनल मिळायला चार दिवस लागणार होते आणि दादांना गाडी उद्याच हवी होती. मी काय केलं? त्याच मापाचा हीटरचा पाइप कापला, दोन क्लिपा मारल्या, गाडी दिली. तीन महिन्यांनी खंबाटकी घाट चढताना गाडीने निळा धूर सोडला. दादा म्हणाले, "शेठ, तुम्ही टर्बोच डुप्लिकेट टाकला." खरं तर टर्बो चांगला होता. पाइप उघडला तर आतून फुगून, मऊ पडून वळणावर चपटा झाला होता. दादांचे आठ दिवस धंद्याविना गेले. मी पैसे न घेता काम करून दिलं, पण ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

असं का होतं?

टर्बोमध्ये ऑइल आत जातं ते इंजिनच्या ऑइल पंपाच्या दाबाने, बारीक पाइपातून. बाहेर पडताना मात्र दाब नसतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणाऱ्या शाफ्टमधून निघालेलं ऑइल हवेत मिसळून फेसाळलेलं असतं आणि ते फक्त स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून रिटर्न पाइप जाड असतो. हा रस्ता अरुंद झाला की ऑइल टर्बोमध्ये तुंबतं. टर्बोच्या शाफ्टवरचे सील हे पिस्टन रिंगसारखे असतात, रबरी ऑइल सीलसारखे नाही. तुंबलेलं ऑइल त्यांना थोपवता येत नाही. ते एका बाजूने सायलेन्सरमध्ये आणि दुसऱ्या बाजूने इंटरकूलरमध्ये जातं. मग धूर येतो आणि आपण म्हणतो, "टर्बो गेला!"

बाहेरचा चकचकीतपणा बघू नका, आतलं रबर विचारा

दुकानात पाइप हातात घेतला की आपण काय बघतो? जाडी, रंग, वरची जाळी. पण ऑइलचा संबंध येतो आतल्या थराशी. म्हणून ही पाच नावं वहीत लिहून घ्या:

1. ईपीडीएम: रेडिएटर आणि हीटरचे पाइप बहुतेक याचेच असतात. कूलंटसाठी उत्तम, पण इंजिन ऑइलमध्ये फुगतं. इथे कधीच नाही. माझी चूक हीच होती.
2. एनबीआर, म्हणजे नायट्राइल: ऑइलला चालतं, पण साधारण 100 ते 120 अंशांपर्यंतच. टर्बोजवळ त्याहून जास्त गरम होतं, त्यामुळे ते कडक होऊन चिरतं.
3. साधं सिलिकॉन: निळा-लाल रंग छान दिसतो, उष्णताही सोसतं. पण ऑइल त्यात मुरतं आणि बाहेर पाझरतं. हवेच्या पाइपला ठीक, ऑइलला नाही.
4. एईएम: ऑइल सोसतं आणि 150 अंशांच्या पुढेही टिकतं. अनेक गाड्यांसाठी पुरेसं.
5. एफकेएम: ऑइल आणि 200 अंशांपर्यंतची उष्णता, दोन्ही सोसतं. आत एफकेएमचा थर, मध्ये अरामिड धाग्याचं विणकाम, वर सिलिकॉन किंवा एईएम, असा पाइप मिळाला तर डोळे झाकून घ्या.

पाइपवर छापील मार्किंग नसेल आणि दुकानदार "साहेब, सगळ्याला चालतो" म्हणत असेल, तर तो पाइप तिथेच ठेवा. ओरिजिनल पार्ट नंबरचा पाइप मिळत असेल तर चार दिवस थांबणं परवडतं. गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगा.

बसवताना काय बघाल?

आतलं माप मूळ पाइपपेक्षा एक मिलिमीटरही कमी नको. पाइप सतत उताराने खाली गेला पाहिजे. मध्ये झोळ नको, मुडप नको. चेंबरमध्ये तो ऑइलच्या पातळीच्या वरच उतरला पाहिजे. एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर हीट स्लीव्ह चढवा, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल गळलं तर गाडी पेटू शकते. फ्लँजला नवं गॅस्केट लावा. सीलंट फासू नका, त्याचा तुकडा सुटून रस्ताच बंद करतो. क्लिप पाइप कापेल इतकी आवळू नका. गाडी चालवून आणा, थंड होऊ द्या आणि क्लिपा पुन्हा तपासा.

आणि हो, धूर दिसला की लगेच टर्बोचा खर्च सांगू नका. आधी रिटर्न पाइप काढून आरपार बघा. इंजिनचा ब्रीदर तुंबलाय का तेही बघा, कारण चेंबरमध्ये गॅसचा दाब वाढला तरी ऑइल खाली उतरत नाही.

आता धंद्याचं गणित

समजा, साधा पाइप 150 रुपयांना आहे आणि चांगला 900 ला. गिऱ्हाईक म्हणतं, "स्वस्तातला टाका." तुम्ही 750 रुपये वाचवले. पण काम परत आलं तर ऑइल, गॅस्केट, मजुरी, अडकलेला रॅम्प आणि गिऱ्हाईकाची बोलणी, हे सगळं तुमच्या खिशातून जातं. इथे वाद घालू नका, दाखवा. काचेच्या दोन बरण्यांत इंजिन ऑइल भरा. एकीत हीटरच्या पाइपाचा तुकडा टाका, दुसरीत एफकेएम पाइपाचा. तेवढेच कोरडे तुकडे बाजूला ठेवा. काही आठवड्यांनी ओला आणि कोरडा तुकडा गिऱ्हाईकाच्या हातात द्या. फरक बोटांनाच कळतो, मग पाच मिनिटं समजावत बसावं लागत नाही.

बिलावर नुसतं 'पाइप' लिहू नका. 'टर्बो ऑइल रिटर्न पाइप, एफकेएम' असं लिहा आणि तारीख, किलोमीटर टाका. उद्या वाद झाला तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

आजचा गृहपाठ: तुमच्या रॅकवरचे सगळे काळे पाइप खाली काढा. मार्किंग वाचून कूलंटचे आणि ऑइलचे वेगळे करा, रंगीत टेप लावा. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, ते टर्बोच्या कामातून बाद. एक तास लागेल. मी तो तास वेळेवर काढला असता, तर ते टॅक्सीवाले दादा आजही माझे गिऱ्हाईक असते.

भेटूया पुढच्या धड्यात.