सपाट तळवे आणि धावण्याचे बूट

प्रश्न : नुकतीच धावायला सुरुवात केली आहे. माझे तळवे सपाट आहेत, म्हणून दुकानदार खास आधाराचे महागडे बूट सुचवतो. घ्यावेत का?

उत्तर : केवळ तळवे सपाट आहेत म्हणून घेऊ नका. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन दलातल्या प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले; सरसकट एकच प्रकार मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या दुखापती काही लक्षणीय घटल्या नाहीत. म्हणून पायाला काय सुखाचं वाटतं, हाच निकष धरा. दुकानात दोन मिनिटांत ते कसं कळणार, ही शंका रास्त आहे. त्यासाठी संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना जा, धावायचेच मोजे घाला आणि तिथेच चार पावलं पळून पाहा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाहीतर उतारावर बोट पुढे आदळत राहतं आणि नख काळंनिळं पडतं. टाच मात्र आत सरकता कामा नये.

अर्थात, अंतर एकदम वाढवलंत तर उत्तम बुटातही नडगी दुखू शकते. पावसात भिजलेल्या बुटांत कागदाचे बोळे कोंबून ते सावलीत वाळवा आणि पायाच्या बेचक्या कोरड्या ठेवा. मधुमेह असेल किंवा तळवा दुखतच असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.