'मा' : एक अक्षर, अनेक अर्थ

आपल्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी 'मा.' असे छापलेले असते. 'माननीय' या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. रविवारच्या पाली वर्गात नव्यानेच आलेल्या एका विद्यार्थ्याने फळ्यावरचा 'मा' पाहून विचारले, "सर, इथे टिंब द्यायचे राहिले का?" वर्ग हसला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

फळ्यावर अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त लिहिलेले होते. केसपुत्त गावी येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत खरे व इतरांचे खोटे म्हणे. मग आम्ही विश्वास कोणावर ठेवावा, असे कालामांनी तथागतांना विचारले. उत्तरात भगवंतांनी दहा आधार सांगितले. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथातील वचन, नुसता तर्क असे करीत शेवटचा आधार येतो तो 'हा श्रमण आमचा गुरू आहे' हा. केवळ एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश आहे, आणि या दहाही आधारांच्या आधी 'मा' हा शब्द आहे. पालीत 'मा' म्हणजे 'नको', 'करू नका'. आमच्या विद्यार्थ्याने वहीत उतरवून घेताना शेवटचा 'मा' गाळला होता. कारण विचारले तर म्हणाला, "तेच तेच येते ना, सर!" त्याच्या वहीत गुरुवचन प्रमाण ठरले होते. एका अक्षराने अर्थ उलटा झाला.

पालीत निषेधासाठी 'न' आणि 'मा' असे दोन शब्द आहेत. 'तो जात नाही' असे नुसते सांगायचे तेव्हा 'न'. 'जाऊ नकोस' असे बजावायचे तेव्हा 'मा'. या 'मा'बरोबर क्रियापद बहुधा भूतकाळाच्या रूपात येते आणि इथेच नवशिके अडखळतात. 'अवोच' म्हणजे 'बोलला'. धम्मपदाच्या दण्डवग्गात 'मावोच' आले आहे, ते मा + अवोच. अर्थ 'बोलू नकोस'. संधी ओळखली नाही तर 'मा' दिसतच नाही.

संस्कृतातही हा 'मा' आहे. प्राचीन ग्रीकमधील निषेधार्थी 'मे' हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघे एकाच जुन्या भाषाकुळातले. मराठीने 'नको' स्वीकारला, पण गुजराती आई रडणाऱ्या लेकराला आजही 'रड मा' म्हणते. गंमत अशी की त्या लेकराची आईही 'मा'च. शिवाय अनुस्वार दिला की 'घरमां' म्हणजे 'घरात'. बोलणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण वाक्यातली जागा अर्थ सांगते.

आता थोडे सावध व्हावे लागेल. अरबीतही 'मा' नकारार्थी येतो. तिथे त्याचा 'काय?' असाही अर्थ आहे. पण अरबी निराळ्या कुळातली भाषा. हा केवळ योगायोग. ब्रह्मी भाषेत क्रियापदाआधी 'म' लावून नकार करतात, तिबेटीतही तसा 'म' आहे. धम्म त्या देशांत गेला, तेव्हा हा शब्दही इथूनच गेला असावा, असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होईल. तो आवरावा. तिबेटी-ब्रह्मी कुळाचा हा स्वतःचा जुना नकार आहे. अभिमानापोटी व्युत्पत्ती लावणे हेही ऐकीव स्वीकारण्यासारखेच.

खरोखर इथून गेलेला शब्द दुसराच आहे, तो म्हणजे बोधिवृक्षाखाली तथागतांनी जिंकलेला 'मार'. चिनी भाषांतरकारांनी त्याचा उच्चार 'मो-लो' असा उतरवला, पुढे नुसते 'मो' राहिले. त्यासाठीच्या लिपिचिन्हाच्या खालच्या भागात 'भूत' या अर्थाचे चिन्ह आहे. हेच चिन्ह जपानी लोक 'मा' असे वाचतात. जपानीत आणखी एक 'मा' आहे, त्याचा अर्थ दोन गोष्टींमधली मोकळी जागा किंवा दोन क्षणांमधला अवकाश. उच्चार एक, लिपिचिन्हे दोन.

प्रमाण चिनीत तर स्वराच्या चढउतारावर अर्थ ठरतो. 'मा' उंच व सपाट म्हटला तर आई, चढत्या स्वरात अंबाडीसारखी तागाची झाडे, खाली जाऊन वर आला तर घोडा, झपकन उतरता म्हटला तर शिवी देणे. थाई भाषेत सपाट 'मा' म्हणजे ये, चढता 'मा' कुत्रा आणि उंच 'मा' घोडा. पाहुण्याला 'या' म्हणताना स्वर चुकला तर काय होईल, याची कल्पना करावी!

आईसाठी 'मा' इतक्या भाषांत का? ओठ मिटून उघडले की तान्ह्या बाळाच्या तोंडून हा ध्वनी सहज निघतो. तो कोणाला लावायचा हे मोठी माणसे ठरवतात. म्हणून आपल्याकडे 'मामा' आईचा भाऊ, आणि जॉर्जिया देशात 'मामा' म्हणजे चक्क वडील.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : धम्मपदातील पापवग्गाच्या 121 व 122 या गाथा उघडाव्यात. दोन्हींच्या पहिल्याच शब्दात 'मा' संधीत दडलेला आहे. तो सोडवून दाखवावा आणि काय तुच्छ लेखू नका असे सांगितले आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे.