आजीचं गाणं कोणत्या कप्प्यात ठेवायचं? : डिजिटल मानव्यविद्येचे प्रकार



मागच्या वर्षी मी चौथीच्या मुलांना एक काम दिलं होतं: घरातल्या आजीचं एक गोंडी गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून आणायचं. मुलांनी हौसेनं आणलं. मी सगळी गाणी एका फोल्डरमध्ये टाकली. यंदा उघडून पाहते तर प्रत्येक फाईलला नुसता आकडा! कोणाच्या आजीचं, कोणत्या गावचं, लग्नाचं की रोवणीचं, काहीच लिहिलेलं नाही. आवाज होता, ओळख नव्हती. चूक माझीच.

त्यानंतर मी इतरांनी हे काम कसं केलंय ते शोधलं. भाषा, गाणी, इतिहास, कला यांचा संगणकाच्या मदतीनं केलेला अभ्यास म्हणजे डिजिटल मानव्यविद्या. प्रकल्प बरेच आहेत. "हा प्रकल्प मुख्यतः काय करतो?" असं विचारलं की त्यांचे चार गट सहज पडतात.

१. जपून ठेवणारे
हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि विषय नोंदवलेला असतो. माझ्या फोल्डरात नेमकं हेच नव्हतं.

२. शोधून देणारे
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली छापला गेला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आता त्यातला हवा तो शब्द क्षणात सापडतो. मराठी विश्वकोशही असाच घरबसल्या उघडता येतो.

३. तुलना करून दाखवणारे
पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. एकाच वस्तूला कुठे काय म्हणतात, हे त्यातून कळतं. आपली झाडीबोली बोलणारी मुलं 'चुकीचं' बोलत नाहीत, हे पालकांना पटवायला मला याचा फार उपयोग झाला.

४. लोकांनी मिळून घडवलेले
मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात कोणीही लिहू शकतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून 'सीजीनेट स्वरा' चाललं. फोन लावायचा आणि आपलं म्हणणं गोंडीतसुद्धा रेकॉर्ड करायचं. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं.

या चौघांच्या खाली एक पाया असतो, तो म्हणजे लिपी. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ साली, तर गुंजाळा गोंडी २०१८ साली. त्याआधी या लिप्यांमधला मजकूर संगणकावर टाकायला आणि शोधायला सर्वमान्य सोयच नव्हती.

एक लक्षात ठेवा, एकच प्रकल्प दोन गटांत बसू शकतो. ओव्यांचा संग्रह जपतोही आणि शोधूनही देतो. मुलांनी "मॅडम, हे दोन्हीकडे बसते!" म्हटलं तर शाबासकी द्या. कारण विचारा, उत्तर खोडू नका.

वर्गात करून पाहा
प्रत्येक गाण्यासाठी एक कार्ड करा. त्यावर सहा गोष्टी लिहा: गाणाऱ्याचं नाव, गाव, भाषा (गोंडी, माडिया, झाडीबोली), गाणं कधी गातात, रेकॉर्ड केल्याची तारीख आणि परवानगी. परवानगीचा रकाना रिकामा सोडू नका. आजीनं नातवासाठी गायलेलं गाणं तिला न विचारता ग्रुपवर टाकणं बरोबर नाही. नाव लिहायचं की नाही, तेही तिलाच ठरवू द्या.

यंदा आम्ही जुन्या फाईली घेऊन घरोघर पुन्हा गेलो. ऐकवल्यावर आज्या हसल्या, "हे तं माझंच!" म्हणाल्या. बहुतेक कार्डं भरली. दोन गाणी मात्र अजून बिननावाची आहेत. ती कोणाची, हे सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही.

म्हणून पालकहो, आज रात्री आजीजवळ बसा. रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी तिला विचारा, आणि मग कार्ड भरा.