तलंगा आणण्याआधी ठरवायची गोष्ट

परसात चार कोंबड्या असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. उरलेला भात, भाजीचा पाला, उकिरड्यातले किडे खाऊन कोंबडी ताजं अंडं देते आणि झाडांना खत देते. दुपारच्या उन्हात ती मऊ मातीत खळगा करून लोळते, पंख पसरून धूळ अंगात घुसळून घेते. ते बघणं हाही एक आनंदच. पण कोंबड्या पाळायला निघालेले लोक खुराडं केवढं असावं आणि जात कोणती घ्यावी एवढंच विचारतात. कोंबडी अंड्यावरून उतरली, म्हणजे अंडी द्यायची थांबली, की तिचं काय करायचं, हे विचारत नाहीत. त्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावं. पुढे ते अवघड होतं, कारण तोवर मुलांनी तिचं बारसं केलेलं असतं.

हिशेब साधा आहे. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. गिरिराज, वनराजा यांसारख्या सुधारित जाती त्याच्या दुपटीच्या आसपास. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की अंड्यावर येते. पहिलं वर्ष भरभराटीचं. मग दर वर्षी अंडी घटतात, पिसं गाळताना तर बंदच होतात. कोंबडी जगते मात्र सात-आठ वर्षंसुद्धा. बंदिस्त कोंबडीला रोज १०० ते ११० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे वर्षाला ४० किलोच्या आसपास, आणि अंडी थांबली म्हणून पोट थांबत नाही. नरांचा प्रश्न तर त्याहून लवकर येतो. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, तर २१ दिवसांनी निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही, आणि छोट्या परसात दोन-तीन कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

यावर कुणी म्हणेल, गावात पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या पाळतात, एवढा विचार कुणी केला? उत्तर तिथे आधीच ठरलेलं होतं. पाहुणा आला, जत्रा आली की कोंबडा कापला जाई. फक्त अंड्यांसाठी पाळणाऱ्या आजच्या घरात ती सोय नसते. दुसरे म्हणतात, म्हातारी होईपर्यंत सांभाळू. उत्तमच, मग सुरुवातीलाच कमी तलंगा घ्या आणि पुढे आणायच्या दोन तलंगांची जागा खुराड्यात राखून ठेवा. विकायची असेल तर निरोगी असतानाच आणि वय सांगून विका. ती अजून अंड्यावर आहे का, हे कळायला शेपटीखालची दोन हाडं बोटांनी चाचपून पाहा: अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यात दोन-तीन बोटं सहज मावतात, उतरलेलीत जेमतेम एक. शेताच्या बांधावर सोडून देणं मात्र मला अजिबात मान्य नाही. कुत्री आणि मुंगूस तिला फार दिवस जगू देत नाहीत.

आजाराचाही निर्णय असाच आधी करावा लागतो. मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावर औषध नाही, फक्त लस आहे. एका कुपीत शंभराहून जास्त पक्ष्यांची मात्रा असते आणि एकदा कालवली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजाऱ्यांनी एकच दिवस ठरवून लस द्यावी. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली कोंबडी लगेच वेगळी करावी, बाजारात तर मुळीच नेऊ नये. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. म्हणजे चार कोंबड्यांची जबाबदारीसुद्धा आपल्या कुंपणापुरती नसते. कापायची असेल तर ते काम नीट करणारा माणूस आधी शोधा. जगवायची असेल तर तिच्या म्हातारपणाचा खर्च आधी मांडा. दोन्ही वाटा योग्यच आहेत. यांपैकी कोणतीही निवडायची तयारी नसेल, तर अंडी दुकानातून आणावीत.