साध्या फंक्शनची टेस्ट लिहिताना

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामच्या एका छोट्या भागाला, बहुधा एकाच फंक्शनला, ठरावीक इनपुट देऊन त्याचे उत्तर आधी ठरवलेल्या उत्तराशी ताडून पाहणारा कोड. पायथनमध्ये त्यासाठी युनिटटेस्ट हे मॉड्यूल भाषेबरोबरच येते, पायटेस्ट वेगळे बसवावे लागते. जावात केंट बेक आणि एरिक गॅमा यांच्या जेयुनिटने ही पद्धत रुजवली. साधन कोणतेही घेतले तरी घोटाळा होतो तो एकाच ठिकाणी. फंक्शन साधे दिसले की टेस्ट उरकली जाते, आणि एकदा ती पास झाली की तिच्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही. अनुभव असा, की न लिहिलेल्या टेस्टपेक्षा उरकलेली टेस्ट महागात पडते, कारण तिच्या भरवशावर पुढचा सगळा कोड उभा राहतो.

लीप वर्ष ओळखणारे फंक्शन घ्यावे. ग्रेगोरियन कॅलेंडरचा नियम असा: 4 ने भाग जाणारे वर्ष लीप, पण त्याला 100 ने भाग जात असेल तर नाही, आणि 400 नेही जात असेल तर पुन्हा लीप. कोड एका ओळीचा. नवशिका प्रोग्रामर 2024 आणि 2023 देऊन पाहतो, दोन्ही टेस्ट पास होतात. मात्र ‘4 ने भाग गेला की लीप’ एवढेच लिहिलेले चुकीचे फंक्शनही याच दोन टेस्ट पास करते. त्यात 2000 घातले तरी ते सुटते. 1901 ते 2099 या काळात हा अर्धवट नियम एकदाही चुकत नाही. त्यामुळे रोजच्या वापरातल्या तारखा घेऊन कितीही टेस्ट लिहिल्या तरी चूक सापडत नाही. 1900 किंवा 2100 दिले की ती लगेच उघडी पडते. उलट, 100 चा अपवाद लिहून 400 चा विसरलेले फंक्शन 1900 चे उत्तर बरोबर देते आणि 2000 ला फसते. म्हणजे 2023, 2024, 1900 आणि 2000 ही चार वर्षे नियमाचे चार फाटे तपासतात. पाचवे म्हणून 1996 घातले तर टेस्टची संख्या वाढते, माहिती वाढत नाही.

1900 चे उदाहरण पुस्तकी नाही. मायक्रोसॉफ्ट एक्सेल आजही 1900 हे लीप वर्ष धरते. लोटस 1-2-3 या जुन्या प्रोग्राममध्ये हे वर्ष लीप मानले होते, आणि त्याच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने तेच पुढे चालू ठेवले. चुकीच्या उत्तरावर लोकांचे हिशेब उभे राहिले की उत्तर दुरुस्त करणेच अवघड होऊन बसते.

कव्हरेजच्या, म्हणजे टेस्ट चालताना कोडच्या किती ओळी चालल्या त्याच्या, आकड्यावर इथे विसंबू नये. एका ओळीच्या या फंक्शनला 2023 ची एकच टेस्ट दिली तरी ओळींचे कव्हरेज 100 टक्के दिसते. प्रत्यक्षात 4 ची पहिलीच अट खोटी ठरते आणि 100 व 400 च्या अटींपर्यंत गाडी पोहोचतच नाही.

नियमाच्या फाट्यांनंतर येतात सीमा. 31 डिसेंबर 2008 रोजी मायक्रोसॉफ्टचे 30 जीबीचे झ्यून म्युझिक प्लेअर जगभर एकाच दिवशी अडकून पडले. दिवसांच्या संख्येवरून वर्ष काढणारा लूप 365 पेक्षा जास्त दिवस असेपर्यंत फिरत असे. लीप वर्ष असेल, तर दिवस 366 पेक्षा जास्त असतील तेव्हाच तो 366 वजा करी. नेमके 366 उरले की काहीच वजा होत नसे आणि लूप थांबतही नसे. लीप वर्ष ओळखण्यात चूक नव्हती, चूक एका आकड्याच्या काठावर होती. अशा फंक्शनला 200 व्या दिवसाची टेस्ट काही शिकवत नाही. 365, 366 आणि 367 या तीन टेस्ट लिहिल्या असत्या तर मधली अडकली असती. ‘पेक्षा जास्त’, ‘पर्यंत’, ‘किमान’ असा शब्द नियमात आला की त्या आकड्याची, त्याच्या आधीची आणि नंतरची अशा तीन टेस्ट हव्यात.

अपेक्षित उत्तर नियमावरून, हाताने काढावे. पुष्कळदा फंक्शन चालवून जे उत्तर आले तेच टेस्टमध्ये चिकटवले जाते, किंवा फंक्शनमधलाच भागाकार टेस्टमध्ये पुन्हा लिहिला जातो. विद्यार्थ्याने आपलाच पेपर तपासावा तसा हा प्रकार: दोन्हीकडे चूक एकच असते आणि निकाल कायम ‘पास’. टेस्टमध्ये हिशेब नको. ‘1900 दिले, उत्तर खोटे आले पाहिजे’ एवढे सरळ लिहावे.

मांडणी तीन टप्प्यांची ठेवावी: तयारी, फंक्शनची हाक, तपासणी. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट तपासावी. चारही वर्षे एकाच टेस्टमधल्या लूपमध्ये घातली तर पहिले फसले की पुढची तपासलीच जात नाहीत. यासाठी पायटेस्टमध्ये पॅरामीटराइझ आहे, युनिटटेस्टमध्ये सबटेस्ट आहे. त्यांत प्रत्येक वर्षाचा निकाल स्वतंत्र कळतो. नावाबाबत कंजुषी करू नये. ‘टेस्ट_लीप_3’ फेल झाली तर फाइल उघडून शोधत बसावे लागते. ‘टेस्ट_400_ने_भाग_न_जाणारे_शतकवर्ष_लीप_नाही’ फेल झाली तर बिघाड नावातच सापडतो. नाव लांब झाले तरी चालेल, ते वाचणारा माणूस बहुतेक वेळा घाईत असतो.

वेडेवाकडे इनपुटही पाहावे. पायथनमध्ये या फंक्शनला 2024 ही संख्या न देता त्याच अंकांची स्ट्रिंग दिली, तर टक्क्याचे चिन्ह बाकी काढत नाही, ते स्ट्रिंगचे फॉरमॅटिंग समजले जाते आणि भलताच संदेश देणारी टाइपएरर येते. काय व्हावे हे आधी ठरवावे, मग त्याची टेस्ट लिहावी. अपूर्णांक असतील तर ‘नेमके बरोबर’ अशी तुलना टाळावी, कारण 0.1 आणि 0.2 यांची बेरीज पायथनमध्ये 0.3 शी जुळत नाही. पैशांचा हिशेब पूर्णांकी पैशांत केला तर हा प्रश्नच उरत नाही.

जे फंक्शन आजची तारीख स्वतःच घड्याळातून घेते, त्याची टेस्ट आज पास आणि 29 फेब्रुवारीला फेल होऊ शकते. तारीख बाहेरून द्यावी. तसेच एका टेस्टने बदललेली यादी दुसरीने वापरू नये. प्रत्येकीने आपली तयारी आपण करावी, म्हणजे कोणत्याही क्रमाने चालवल्या तरी निकाल तोच येतो.

टेस्ट लिहून झाल्यावर फंक्शन मुद्दाम बिघडवून पाहावे. 400 ची अट काढली की 2000 ची टेस्ट फेल झाली पाहिजे, 100 चा अपवाद पूर्ण काढला की 1900 ची. एखादी अट काढूनही सगळ्या पास होत असतील, तर त्या अटीची टेस्ट अजून लिहायची राहिली आहे. पुढे वापरात बग सापडला तर दुरुस्तीला हात घालण्याआधी तो बग दाखवणारी टेस्ट लिहावी, ती फेल होताना पाहावी आणि मगच कोड बदलावा. ती टेस्ट नंतर काढून टाकायची नसते, बाकीच्यांबरोबर ती दर वेळी चालवली जाते.