धानशेतीतील कामाची साखळी : वाया जाणारे श्रम, वेळ व दाणा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक धान होय. जूनमध्ये पऱ्हे टाकण्यापासून नोव्हेंबरात दाणा कोठीत पडेपर्यंत या पिकाची अनेक कामे एकामागून एक होत जातात, आणि प्रत्येक काम करणारा ते आपल्या परीने नीटच करीत असतो. तरीही हंगामाच्या अखेरीस हिशेब मांडला असता खर्च वाढलेला व हाती आलेला दाणा अपेक्षेपेक्षा उणा, असा अनुभव पुष्कळांना येतो. याचे कारण शोधताना बहुधा बियाणे, खत, पाऊस आणि भाव यांकडेच बोट दाखविले जाते. ही कारणे खरी आहेत. परंतु नुकसानीचा एक मोठा भाग कोणत्याही एका कामात नसून दोन कामांच्या मधल्या जागेत असतो, व त्या जागेकडे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात त्या जागेचाच विचार केला आहे.

भातशेतीच्या संदर्भात जपानचे नाव येथील शेतकऱ्यांस नवे नाही. १९५३ पासून देशभर जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम चालविण्यात आली. गादीवाफ्यावर वाढविलेली निरोगी रोपे, ओळीतील रोवणी, वेळच्या वेळी कोळपणी व पुरेसे खत ही तिची मुख्य अंगे होती. त्याच काळात जपानमधील कारखान्यांत दुसरी एक पद्धत आकार घेत होती. टोयोटा मोटार कारखान्यातील ताईची ओनो या अभियंत्याने कामातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, वाट पाहणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, निष्कारण हालचाल व सदोष माल. ज्या श्रमाने मालाचे मोल वाढत नाही तो श्रम, कितीही घाम गाळून केला असला तरी, वाया गेला असे त्याने मानले. या पद्धतीस पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत 'लीन' हे नाव मिळाले. नावास फारसे महत्त्व नाही. तिचे मूळ सूत्र मात्र धानउत्पादकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते असे, की पुढच्या कामाने मागावे तेवढेच, व मागेल तेव्हाच, मागच्या कामाने द्यावे.

हे सूत्र प्रथम रोवणीस लावून पाहू. रोवणीच्या दिवशी सकाळी बारा बाया बांधीवर येतात. पऱ्हे अजून उपटावयाचे आहेत, किंवा उपटलेल्या जुड्या दूरच्या वाफ्याजवळ पडल्या आहेत व त्या वाहून आणणारा एकच गडी आहे. बाया धुऱ्यावर पाऊण तास बसून राहतात. बारा बायांचा प्रत्येकी पाऊण तास म्हणजे नऊ तास होतात, अर्थात एका बाईच्या पूर्ण दिवसाच्या मजुरीहून अधिक. ही मजुरी शेतकरी देतो, परंतु तिच्या मोबदल्यात एकही रोप जमिनीत जात नाही. याच्या उलट प्रकारही घडतो. उद्या खोळंबा नको म्हणून आदल्या दिवशी गरजेपेक्षा पुष्कळ पऱ्हे उपटून ठेवले जातात. ते रात्रभर पडून राहतात, मुळे सुकतात, पाने पिवळी पडतात व रोवणीनंतर त्यांना सावरण्यास अधिक दिवस लागतात. पहिल्या प्रकारात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात गरजेपेक्षा अधिक उत्पादन. दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे उपटणारा व रोवणारी यांच्या कामाची गती जुळविलेली नसणे.

यावर उपाय साधा आहे व त्यास पैसा लागत नाही. एक गडी एका तासात किती जुड्या उपटतो आणि एक बाई एका तासात किती जुड्या रोवते, हे एकदा मोजावे व त्यावरून माणसांची वाटणी ठरवावी. रोवणी सुरू होण्यापूर्वी तासाभराच्या कामापुरत्या जुड्या बांधीत ठिकठिकाणी टाकून ठेवाव्यात. पुढील वर्षी वाफ्याची जागा निवडताना पाण्याच्या सोयीबरोबर रोवणीच्या बांध्यांचे अंतरही पाहावे. एक हेक्टर रोवणीस सुमारे दहा आर वाफा पुरतो. बारीक दाण्याच्या वाणाचे बियाणे हेक्टरी ३५ ते ४० किलो पुरे होते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडविले, तरंगणारा पोचट दाणा काढून टाकला व तळाचा दाणा स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकविला, तर 'उगवेल न उगवेल' या शंकेपोटी दाट पेरण्याचे कारण उरत नाही. दाट वाफ्यातील रोप उंच व नाजूक होते, आणि उरलेले पऱ्हे शेवटी धुऱ्यावर वाळतात.

रोवणीतही हाच विचार लागू पडतो. एका ठिकाणी पाच-सहा रोपे खोचल्याने पीक दाट दिसते, पण उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. २१ ते २५ दिवसांचे रोप, एका चुडात दोन ते तीन रोपे व दर दहा ओळींनंतर सुमारे एक फुटाची मोकळी पट्टी ठेवली, म्हणजे रोपे वाचतात, हवा खेळती राहते आणि तुडतुडे आले तर फवारणी बुंध्यापर्यंत पोहोचते. नत्र खताचा जादा हप्ता हा देखील अपव्ययच होय, कारण त्यासाठी प्रथम खताचे पैसे जातात व नंतर त्याने ओढवून आणलेल्या करपा आणि तुडतुड्यांच्या औषधाचे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र कापणी व मळणी यांच्यामध्ये होते, व ते शेतात दिसत नाही. ते राईस मिलमध्ये दिसते. एखाद्या शेतकऱ्याचे धान भरडून आले आणि तांदळात कणी फार निघाली, की तो प्रथम गिरणीस दोष देतो. कधी तो दोष गिरणीचा असतोही. परंतु तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी ओनोच्या कारखान्यातील रीत वापरून पाहावी. तेथे एखादी चूक आढळली की 'का' हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारीत. कणी का झाली? दाण्यास आतून चिरा होत्या. चिरा का पडल्या? दाणा दिवसा उन्हाने वाळला, रात्री दवाने ओला झाला व पुन्हा वाळला. असे का झाले? कापलेल्या धानाच्या कडपा सहा-सात रात्री बांधीत पडून होत्या. का पडून होत्या? मळणी यंत्र आले नाही. का आले नाही? साऱ्या गावाची कापणी एकाच आठवड्यात झाली, आणि यंत्रवाल्यास निरोप कापणी संपल्यावर गेला. पहिल्या उत्तरावर थांबले असते तर उपाय गिरणी बदलणे हा ठरला असता. पाचव्या उत्तराने दाखविलेला उपाय निराळा आहे : यंत्राचा दिवस आधी ठरवावा व त्या दिवसापासून मागे मोजून कापणी करावी. जेवढे दोन-तीन दिवसांत बांधून मळता येईल तेवढेच कापावे.

अवकाळी पावसाचा विचार केला तर या उपायाचे मोल अधिकच पटते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कडपा भिजून दाण्यास कोंब फुटल्याच्या तक्रारी या जिल्ह्यात वारंवार येतात. पाऊस कोणाच्या हातचा नाही, परंतु त्या रात्री किती एकरांच्या कडपा जमिनीवर असाव्यात हे बऱ्याच अंशी हातचे आहे. अर्थात उभे पीक फार काळ ठेवणेही चुकीचे, कारण अतिपक्व दाणा झडतो. लोंबीतील ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले व बुडाचे दाणे टणक झाले, की कापणीस योग्य वेळ आली असे समजावे. पुंजणे घालणे भागच पडले तर ते उंच व कोरड्या जागी घालून झाकावे.

ओलाव्याचा हिशेबही कागदावर मांडून पाहावा. शंभर किलो धानात २० टक्के ओलावा असेल, तर त्यात कोरडा भाग ८० किलो. तेच धान १४ टक्क्यांपर्यंत वाळविले की वजन ९३ किलो भरते. उरलेले सात किलो पाणीच होते. आधारभूत खरेदीत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. त्याहून ओले धान भाड्याच्या ट्रॅक्टरने केंद्रावर न्यावे, तेथून परत आणावे किंवा तेथेच पसरून वाळवावे, यात भाडे, हमाली व दिवस तिन्ही जातात. खळ्यावर दोन दिवस पातळ थरात, अधूनमधून परतून, वाळविलेले धान एकदाच उचलावे लागते. निघण्यापूर्वी ओलावामापक यंत्राने एक मूठ तपासावी.

दोष जेथे उपजतो तेथेच तो थांबवावा, हा विचार टोयोटाच्या मोटारींपेक्षा जुना असून तो विणकामातून आलेला आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या कोसा विणकरांस तो सहज पटेल. साकिची टोयोडा याने १९२४ मध्ये पूर्ण केलेल्या स्वयंचलित मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. त्याच घराण्याने १९३७ मध्ये मोटारीची कंपनी स्थापन केली. वाफ्यात रोगट दिसणारे रोप तेथेच काढून टाकणे आणि ओले धान पोत्यात न भरणे, हे धानशेतीतील माग थांबविणेच होय.

मात्र कारखान्याचा प्रत्येक नियम शेतास जसाच्या तसा लावू नये. कारखान्यात साठा म्हणजे अपव्यय मानतात. बांधीवर तलावातील पाणी, घरचे राखलेले बियाणे व गुरांसाठी रचलेली तनस हाही साठाच आहे, परंतु तो संकटाचा आधार आहे. या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी बांधलेल्या या तलावांवर पिढ्यान्पिढ्या धान पिकले. मालगुजारी १९५१ मध्ये नष्ट झाली, तरी मामा तलाव हे त्यांचे नाव टिकून आहे. तेव्हा साठा कमी करावयाचा तो उपटलेल्या पऱ्ह्यांचा व कापलेल्या कडपांचा. पाण्याचा नव्हे. तुरीचे पीक घेतलेला धुरा हीदेखील रिकामी जागा नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा विषय सभेत भाषणाने मांडू नये. एक शेतकरी, एक बांधी व एक दिवस निवडावा. घड्याळ व वही घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेथे उभे राहावे. काम केव्हा सुरू झाले, केव्हा थांबले व कशासाठी थांबले, एवढेच लिहावे. माणसाच्या चुका लिहू नयेत, कामाच्या लिहाव्यात. रोवणाऱ्या बायांना विचारल्याशिवाय वही मिटू नये. जुडी कोठे पडावी, चिखल कोठे कडक राहिला, पाणी कोठे जास्त झाले, हे त्यांना सर्वांत आधी कळते, आणि त्यांना हे क्वचितच कोणी विचारते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. वाचलेल्या वेळेचा उपयोग त्याच मजुरीत अधिक बांध्या उरकून घेण्यासाठी झाला, तर पुढील वर्षी कोणीही खरे सांगणार नाही, आणि ते योग्यच होईल. काम हुंड्याने दिले असल्यास दर आधी ठरवावा व मागाहून तो खाली आणू नये.

एका हंगामात एकच बदल करावा. चार बदल एकदम केले तर कशाने फायदा झाला हे समजत नाही. शक्य असल्यास अर्धी बांधी जुन्या रीतीने व अर्धी नव्या रीतीने करून दोहोंचे धान वेगळे मळावे व वेगळे मोजावे. बारकाईने पाहून नोंद ठेवण्याने काय साधते, याचे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या पटेल-३ धानाच्या शेतात निराळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले व वर्षानुवर्षे निवडीने वाढविले. त्यातून निघालेला बारीक तांदूळ मनगटी घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून प्रसिद्ध झाला. खोब्रागडे २०१८ मध्ये निवर्तले.

वहीत चार रकाने पुरेत : तारीख, काम, थांबण्याचे कारण, गेलेला वेळ. पहिली नोंद पऱ्हे टाकण्याच्या दिवशी करावी, दुसरी रोवणीच्या पहिल्या दिवशी व तिसरी मळणी यंत्राचा दिवस ठरविताना. ही तिसरी नोंद विळा हाती घेण्यापूर्वीची असावी. धान भरडून आल्यावर त्याच पानावर तांदूळ व कणी यांचे वजन लिहावे, आणि ते पान पुढील जूनमध्ये वाफ्याची जागा ठरविण्याच्या आधी शेतकऱ्यासमवेत पुन्हा वाचावे.